गळके घर : डागडुजी की पुरते काम?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘काहीतरी उपयोगाचे बोला’ असे सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर या मंडळात मी सतरंज्या घातल्या, प्रसादाचा शिरा केला, पण उभे राहून चार शब्द कधी बोलले नाही. परंतु गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निदान सात-आठ जणींनी मला एकच प्रश्न विचारला, “तुमच्या घराची गळती थांबली ती कशाने हो?” प्रत्येकीला दारात उभे राहून सांगण्यापेक्षा एकदाच सर्वांना सांगावे, म्हणून आज धीर करून उभी आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या दापोलीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे गळती म्हणजे काय हे आपल्यापैकी कोणाला सांगावयास नको. माजघरात परात, ओटीवर बादली, आणि रात्री मध्येच उठून ती रिकामी करावयाची. हे सोसण्यापुरते आपण सर्वजणी सारख्याच आहोत. प्रश्न येतो तो पुढे. जिथे गळते तेवढेच दुरुस्त करावे, की एकदाच सगळ्या गच्चीचे काम करून घ्यावे? या प्रश्नात आमची नऊ वर्षे गेली. त्यात माझी चूक किती होती, तेही आज सांगणार आहे.

माझ्या सासऱ्यांनी बांधलेले घर जांभ्या चिऱ्याचे, वर कौले. कौलारू घराची रीत आपल्या हाडीमाशी भिनलेली आहे. माकडांनी कौल फोडले, की खाली पाणी येते. मग गडी वर चढतो, फुटलेले कौल काढतो, नवे सरकवतो, आणि काम झाले. बहुतेक वेळा थेंब पडतो त्याच्याच आसपास वरचे कौल फुटलेले सापडते. पुढे १९९६ साली सासऱ्यांनी पुढच्या सोप्यावर आणि माजघरावर स्लॅब टाकली. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबाही त्याच वेळी घातला. घर बदलले, पण आमची बुद्धी कौलारूच राहिली. गळले की तेवढे बुजवावे, एवढेच आम्हाला ठाऊक.

पहिली गळती २०१४ साली झाली. गच्चीवर दूरदर्शनची डिश बसवणाऱ्या मुलाने कोब्यात चार भोके पाडून बोल्ट ठोकले होते. तिथूनच पाणी येत होते. गवंड्याने डिश कठड्याला हलवून ती भोके सिमेंटने नीट भरली. खर्च १,२०० रुपये. तो पावसाळा कोरडा गेला. म्हणजे पहिल्या वेळी डागडुजी अगदी योग्य होती. परंतु त्या यशानेच आम्हाला पुढे फसवले. दरवर्षी वाटे, मागच्या वेळी थोडक्यात भागले, याही वेळी भागेल.

मला हिशेबाची वही ठेवण्याची सवय आहे. दूध, किराणा, गॅस यांच्याबरोबर गळतीचा खर्चही मी लिहीत आले. ती वही आज बरोबर आणली आहे. २०१५ साली माजघरात गळले, डांबर लावले, १,८०० रुपये. २०१६ साली लेप, ३,५००. २०१७ साली भेगा भरल्या, २,०००. २०१८ साली धाकट्या दिरांचे लग्न, म्हणून आतून गिलावा आणि रंग, ६,५००. २०१९ साली पुन्हा भेगा, ४,०००. २०२० साली ९,०००. २०२१ साली ५,५००. आणि २०२२ साली १४,५००.

यातील दोन-तीन खर्चांविषयी थोडे बोलते, कारण त्यांत शिकण्यासारखे आहे.

२०१६ सालचा लेप आम्ही भर जुलैत, दोन दिवस उघडीप मिळाली तेव्हा लावून घेतला. वरून कोबा कोरडा दिसत होता, पण पोटात पाणी भरलेले. पंधरा दिवसांत लेपाला पापडासारखे फोड आले आणि सोलून निघाला. लावणाऱ्याला बोल लावून काय उपयोग? ओल्या जागेवर लेप धरत नाही, हे त्याने सांगावयास हवे होते हे खरे, पण घाई आमचीच होती.

२०१८ साली आतून केलेला गिलावा म्हणजे तर निव्वळ पाहुण्यांसाठी केलेली सजावट. पाणी वरून येत असताना खालून छत बुजवले, तर पाणी थांबत नाही, ते आतल्या आत मुरते. स्लॅबच्या पोटात लोखंडी सळया असतात. ओल पोचून सळई गंजली, की ती फुगते, कारण गंज मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. फुगलेली सळई भोवतालचे सिमेंट ढकलून देते. आधी छताला सळईच्या रेषेत चीर दिसते, मग पोपडा, आणि मग ढलपा खाली येतो. आम्ही रंग लावून ती चीर झाकून टाकली. दिसती, तर लवकर शहाणे झालो असतो.

२०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ आले. ते आपण सर्वांनीच भोगले आहे. त्या दिवशी कोणाचा तरी पत्रा उडून आमच्या कठड्यावर आदळला आणि एक कोपरा तुटला. तो बांधून घेतला. पुष्कळांनी तेव्हा सांगितले, की गच्चीवर पत्र्याची शेड घाला, म्हणजे कटकट मिटेल. शेडने गच्ची कोरडी राहते हे खरे आहे, आणि ज्यांनी मजबूत खांबांवर, परवानगी घेऊन शेड घातली आहे त्यांना मी नावे ठेवणार नाही. परंतु त्या वादळात पत्रे कसे उडाले ते डोळ्यांनी पाहिल्यावर माझे मन काही घेईना.

आता माझ्या चुकीकडे येते. २०१६ सालीच एका जाणत्या गवंड्याने सबंध गच्ची वाजवून पाहिली होती. तो म्हणाला होता, “वहिनी, वीस वर्षांचा कोबा आहे, ठिकठिकाणी सुटला आहे. हा काढून नवा घालावा लागेल.” खर्च ५२,००० सांगितला. घरचे तयार होते. पतपेढीतून कर्ज काढू म्हणाले. मीच नको म्हटले. माहेरी कर्जापायी वडिलांचे झालेले हाल मी लहानपणी पाहिले होते. ‘यंदा एवढे भागवू, पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य माझे. ते मी सात वर्षे म्हणत राहिले, आणि त्यालाच काटकसर समजत राहिले.

२०२२ सालच्या श्रावणातली गोष्ट. सकाळची वेळ. सासूबाई मागच्या पडवीत वाती वळत बसल्या होत्या. मी चहा टाकला होता. माजघरात मोठ्याने काहीतरी पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तो छताचा ढलपा, चांगला जेवायच्या पाटाएवढा, आईंच्या खाटेवर उशीच्या जागी पडलेला. वर गंजलेल्या सळया उघड्या. पाऊण तासापूर्वी आई तिथेच निजलेल्या होत्या. माझे हातपाय गळून गेले. त्यांनी मात्र खाटेवरची माती झटकली आणि एवढेच म्हणाल्या, “देवाने राखले. पण दरवेळी तो रिकामा असेलच असे नाही, सूनबाई.”

त्या रात्री मी वही काढून बेरीज केली. नऊ वर्षांचे झाले ४८,००० रुपये. २०१६ साली मी ज्या ५२,००० ना भ्यायले, त्याच्या जवळपास रक्कम गेली होती, आणि गच्ची होती तशीच गळत होती. शिवाय आता जिवाशी खेळ.

मी आईंना म्हटले, “कौलाच्या घरात आपण एकेक कौल बदलूनच भागवत होतो ना? मग इथे का भागत नाही?” त्यांनी उत्तर दिले ते माझ्या कायमचे लक्षात राहिले आहे. त्या म्हणाल्या, “अगो, एक कौल बदलायचे ते मध्येच फुटले तर. पण दरवर्षी पावसाच्या तोंडावर शाकारणी व्हायची, ती विसरलीस? तेव्हा सगळे छप्पर उलगडून, वासे-रिपा बघून परत घालायचे. ते होते म्हणून एका कौलावर भागायचे.” खरेच की! स्लॅब टाकल्यापासून सव्वीस वर्षांत आम्ही शाकारणी एकदाही केली नव्हती. नुसती कौलेच बदलत राहिलो होतो.

तरीसुद्धा, घाबरून लगेच मोठे काम काढावे असेही आम्ही केले नाही. आधी एका इंजिनिअरांना स्लॅब दाखवली. सळया उघड्या पडल्या असतील तर हे पहिले काम. गवंड्याच्या अंदाजावर ते सोडू नये. त्यांनी सैल झालेला भाग पाडून, सळया घासून, वर गंजरोधक लेप देऊन ती जागा भरून घ्यावयास लावली. स्लॅब अजून भार घेण्याजोगी आहे असे त्यांनी सांगितले, आणि पाणी कोठून येते ते आधी शोधा म्हणाले. ओल दिसते तिथेच वर भोक असते असे नाही. पाणी कोब्याखाली शिरले, की उताराने स्लॅबवरून वाहत जाते आणि जिथे वाट मिळेल तिथे खाली उतरते. शिरले एका टोकाला आणि टपकले दुसऱ्या टोकाला, असे होते. म्हणूनच आम्ही दरवर्षी चुकीच्या जागी डांबर ओतत होतो.

शोधण्याची रीत सोपी आहे, आपणही करू शकाल. २०२३ च्या एप्रिलमध्ये, सगळे सुकलेले असताना, गच्चीचे चार भाग करून मध्ये वीतभर उंचीचे कच्चे बांध घातले. पाणी जाण्याचे तोंड बुजवले. एका भागात दोन इंच पाणी तीन दिवस उभे ठेवावयाचे आणि खाली छत पाहावयाचे. दोन इंचांहून जास्त पाणी ठेवू नये, स्लॅबवर भार येतो. आपल्याकडे एप्रिलात विहीर तळाला गेलेली. तेव्हा मी आणि माझ्या मुलीने तेच पाणी बादल्यांनी एका भागातून दुसऱ्या भागात भरले. चारपैकी तीन भागांत खाली ओल उतरली. नंतर सुकल्यावर हातोडीने कोबा वाजवून पाहिला. मडके घेताना आपण वाजवून घेतो ना, तसेच. घट्ट असेल तिथे खणखणीत वाजते, सुटलेला असेल तिथे बद्द. अर्ध्याहून जास्त गच्ची बद्द वाजली. तेव्हा निकाल लागला. एखादी जागा बिघडली नव्हती, सगळे पांघरूणच विरले होते.

हीच तपासणी आमच्या शेजारच्या काकूंनीही करून घेतली. त्यांच्याकडे गच्ची खणखणीत वाजली, पाणी फक्त पन्हळीच्या तोंडाशी उतरले. तिथे पाईप आणि कोबा यांच्यामध्ये फट पडली होती. तेवढीच जागा फोडून नीट बसवली, ३,००० रुपयांत काम झाले. त्यांच्या घरी तेव्हापासून थेंब नाही. त्यांनी आमचे पाहून सबंध गच्ची उकरली असती तर चांगला कोबा आणि लाखभर रुपये फुकट गेले असते. म्हणून मी कोणालाही ‘पुरते कामच करा’ असे सांगत नाही, आणि ‘डागडुजीवर भागवा’ असेही नाही. घर काय सांगते ते आधी ऐकावे.

आता पैशाचे. आमची गच्ची ६५० चौरस फूट. जुना कोबा काढून नवा घालण्याचा दर चौरस फुटाला १४० रुपये पडला, म्हणजे ९१,००० रुपये. त्याच वर्षी मुलगी बारावी झाली आणि तिला नर्सिंगला जावयाचे होते. तिच्या प्रवेशासाठी ६०,००० बाजूला ठेवलेले होते. घरात दोन दिवस कोणी धड जेवले नाही. मुलगी म्हणाली, “आई, मी एक वर्ष थांबते.” ते ऐकून मला फार लागले. माझ्या चालढकलीची किंमत तिने का द्यावी? मी ठरवले, की त्या पैशाला हात लावावयाचा नाही. माझ्या भिशीचे ४०,००० त्या वर्षी पाळीने मिळणार होते, ते मैत्रिणींना विनवून दोन महिने आधी घेतले. घरात शिलकी २६,००० होते. उरलेल्या २५,००० चे पतपेढीचे कर्ज काढले. ज्या कर्जाला मी सात वर्षे भीत होते, ते चौदा महिन्यांत फिटलेसुद्धा. मुलगी त्याच वर्षी कॉलेजात गेली.

काम कसे झाले तेही थोडक्यात सांगते, म्हणजे आपल्या घरी होईल तेव्हा आपणांस पाहता येईल. पहिली गोष्ट, जुना सैल कोबा काढून टाकला. जुन्यावरच नवा घालू म्हणणारे स्वस्तात मिळतात, पण खालचे दुखणे तसेच राहते आणि स्लॅबवर दुप्पट ओझे होते. मग स्लॅब धुऊन, भेगा भरून, सिमेंटची पातळ खळ सगळीकडे जिरवली. विटांचे तुकडे आधी पाण्यात भिजवून घेतले, नाहीतर कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते. ते बसवताना पन्हळीकडे उतार दिला, दर दहा फुटांना सव्वा ते दीड इंच. उतार नसेल तर पाणी साचते, आणि साचलेले पाणी कधीतरी वाट काढतेच. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तो कोपरा काटकोनात न ठेवता गोलसर भरला आणि थर कठड्यावर फूटभर चढवला. पुष्कळ गळती या कोपऱ्यातूनच होते. शेवटी वरचा सिमेंटचा थर, त्यावर दोरीने पाडलेल्या चौकटी, आणि मग दहा दिवस पाणी उभे ठेवून कोबा पिकवला. त्या दहा दिवसांत खाली ओल आली नाही, हे पाहूनच शेवटचा हप्ता दिला. हमी तोंडी न घेता कागदावर घेतली.

त्या कागदाचा उपयोग लगेच झाला. पहिल्याच पावसाळ्यात ओटीच्या कोपऱ्यात हातभर ओल दिसली. माझे काळीज धस्स झाले, ९१,००० गेले की काय! ठेकेदाराला कागद दाखवताच तो आला. पाहिले तर वादळात तुटून बांधलेल्या कठड्याला बाहेरून चीर होती. तेवढी भरली आणि ओल गेली. म्हणजे पुरत्या कामानंतरही डागडुजी लागलीच. पण ती योग्य जागी, एकदा, आणि कारण कळून केलेली होती. त्यानंतरचे पावसाळे आम्ही परात न मांडता काढले.

माझ्या अनुभवावरून चार गोष्टी लक्षात ठेवाव्या असे वाटते. गळती बारा महिने असेल तर ती पावसाची नसून नळाची किंवा मोरीची असते, तिथे गच्चीला हात लावू नये. गळती एकाच जागी असेल, कारण दिसत असेल, आणि बाकी गच्ची खणखणीत असेल, तर डागडुजीच करावी. दरवर्षी जागा बदलत असेल, कोबा बद्द वाजत असेल, तर डागडुजीचे पैसे साठवून पुरते काम करावे. आणि छताला सळईच्या रेषेत चीर किंवा गंजाचे डाग दिसले, तर हिशेब बाजूला ठेवून त्याच आठवड्यात जाणत्याला दाखवावे. त्या खोलीत कोणाला निजवू नये.

ज्या भगिनी सोसायटीच्या इमारतीत राहतात त्यांना एक विनंती. गच्ची सर्वांची असते. वरच्या मजल्यावरचीचे घर गच्चीमुळे गळत असेल, तर ती दुरुस्ती सोसायटीने करावयाची असते, तिच्या एकटीच्या गळ्यात घालावयाची नसते. आज पाणी तिच्या छतात मुरते आहे, पण सळया सगळ्या इमारतीच्या गंजत आहेत.

आणि काम झाल्यावर सांभाळणेही आपल्याच हाती आहे. गच्चीत भोके पाडू देऊ नयेत. मेमध्ये, जुलैमध्ये आणि गणपतीनंतर पन्हळीच्या तोंडाशी साचलेला पाचोळा काढावा. भेगेत पिंपळाचे रोप दिसले तर लहान आहे तोच मुळासकट काढावे. काम काढावयाचे असेल तर एप्रिल संपण्यापूर्वी आटोपावे. २०२५ साली पाऊस मे महिन्यातच आला हे आपण पाहिलेच आहे. सातजूनच्या भरवशावर कोणी राहू नये.

आमच्या आई आता त्याच माजघरात, त्याच खाटेवर निजतात. पावसाची सर आली की मी अजून सवयीने रात्री उठते आणि वर पाहते. छत कोरडे असते. मग पांघरूण सारखे करून परत निजते. आपल्यापैकी ज्या कोणी आज ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत असतील, त्यांनी निदान घरी जाऊन एकदा छताकडे पाहावे आणि वहीत बेरीज करावी, एवढेच माझे मागणे आहे. कोणाला गच्ची तपासावयाची असेल तर मला हाक मारा. बादल्या घेऊन येईन.